नऊ रात्रींची शुश्रूषा: एका वॉर्डचे परीक्षण

घरी सोडताना रुग्णालयाने अभिप्रायाचा जो कागद हातात दिला, त्यात परिचर्येविषयी चारच प्रश्न होते: परिचारिका हसतमुख होत्या का, बेल वाजवल्यावर वेळेत आल्या का, औषधे ठरल्या वेळी मिळाली का आणि बोलणे सौजन्याचे होते का. खाली 'इतर' म्हणून तीन ओळी मोकळ्या होत्या. मी चारही प्रश्नांपुढे 'उत्तम'वर खूण केली आणि तीन ओळी कोऱ्या ठेवल्या. खुणा खोट्या नव्हत्या, तरीही त्यांतून उभे राहणारे चित्र मी पाहिलेल्या वॉर्डचे नव्हते, आणि जे पाहिले ते तीन ओळींत मावणारे नव्हते.

थोरल्या भावाच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनिमित्त मी त्या रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात सलग नऊ रात्री काढल्या. त्याआधी एकतीस वर्षे मी स्वतः परिचारिका होते आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे वॉर्डची इन्चार्ज होते. म्हणजे दमलेल्या मुलींच्या नावापुढे आणखी एक नाइट लिहिण्याचे पाप माझ्याही हातून पुष्कळदा घडलेले आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही. दिले तर वाचणारा त्या दोन-तीन मुलींना शोधून काढील आणि दोष त्यांच्याच पदरात टाकील.

आधी जे चांगले ते सांगते, कारण ते खरोखरच चांगले होते. पाळी बदलताना होणारा हँडओव्हर पाहिला की वॉर्डची प्रकृती कळते, असा माझा अनुभव आहे. पहिल्या रात्री दुपारच्या पाळीची सिस्टर रात्रीच्या सिस्टरला एकेका पलंगापाशी घेऊन गेली, प्रत्येकाचे नाव घेऊन सांगू लागली, पांघरूण बाजूला करून ड्रेसिंग दाखवले, लघवीच्या पिशवीवरचे माप मोठ्याने वाचले आणि चौदा नंबरपाशी, म्हणजे दादाच्या पलंगापाशी, आल्यावर म्हणाली, "आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोल. चष्मा उशीखाली असतो. जाग आली की आधी तो शोधतात." केसपेपरमध्ये यातले एक अक्षरही नव्हते. थोड्या वेळाने शेजारच्या रुग्णाचे इन्सुलिन भरले गेले तेव्हा दुसऱ्या सिस्टरने सिरिंज उजेडात धरून युनिट स्वतंत्रपणे मोजले, नुसती मान डोलावली नाही. दुसऱ्याने तपासायचे म्हणजे पहिल्याचा आकडा ऐकण्याआधी स्वतः मोजायचे, हे ज्या वॉर्डात पाळले जाते तिथे कोणीतरी नीट शिकवलेले असते.

पाचव्या रात्री तोच हँडओव्हर टेबलापाशी उभ्याउभ्या उरकला गेला. "अकरा सेम, बारा सेम, तेरा नवीन आलाय, चौदा सेम." चौदा नंबर दुपारपासून सेम नव्हता. दादा छताकडे बोट दाखवून कोणाशी तरी बोलत होता, आणि सलाईनची नळी ही दोरी आहे, ती सोडवली पाहिजे, असे मला दोनदा सांगून झाले होते.

पहिल्या आणि पाचव्या रात्रीच्या मधे काय घडले, ते नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लिहिलेले होते. तिथे महिन्याचा ड्यूटी चार्ट लावलेला असतो आणि मला तो वाचायची जुनी खोड आहे. अठ्ठावीस खाटांच्या त्या विभागात रात्री दोन परिचारिका आणि एक आया, असा नेम होता. पाळी आठ ते आठ, बारा तासांची. पण नोंदी पुऱ्या करून, औषधांचे कपाट मोजून देऊन सिस्टर बाहेर पडेपर्यंत सकाळचे नऊ सहज वाजत. दोघींपैकी एकीची ती ओळीने पाचवी नाइट होती. दुसरी सकाळपासून ड्यूटीवर होती, कारण तिची रिलीव्हर, म्हणजे तिच्या जागी येणारी सिस्टर, आली नव्हती आणि तिला 'डबल', म्हणजे लागोपाठ दुसरी पाळी, करायला सांगितले होते. या दुसरीला पहाटे चार वाजता जागे राहून किमान बावीस तास झाले असतील. सतरा तास जागलेल्या माणसाची चलाखी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, हे १९९७ साली प्रयोगाने दाखवून झालेले आहे, आणि तेवढ्या मद्यावर गाडी चालवायला अनेक देशांत बंदी आहे. साडेबारा तासांपेक्षा लांबलेल्या पाळीत परिचारिकेकडून चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, असे अमेरिकेतल्या २००४ च्या अभ्यासात आढळले होते. युरोपीय संघाचा नियम चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती मागतो. इथे बारा तासांची पाळी तेरा तासांची झाली की मधे अकराच तास उरत, आणि घरी जाणे, आंघोळ, मुले आणि परतीचा प्रवास त्यातच बसवायचा असे. झोपेला काय राहत असेल, ते त्या मुलींच्या डोळ्यांत दिसत होते.

थकव्याविषयी लोकांची कल्पना अशी असते की दमलेली परिचारिका चिडते, वसकन अंगावर येते. या वॉर्डात नऊ रात्रींत कोणी कोणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. थकवा दिसला तो तक्त्यात. पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या तक्त्यावर, तापमान आणि नाडी यांचे आकडे दर वेळी थोडे थोडे बदलत होते, कारण ते यंत्र सांगते. श्वासाचा रकाना मात्र चार दिवस वीस, वीस, वीस असा सरळ उतरत गेला होता. श्वास मोजायचे तर पूर्ण एक मिनिट उभे राहून छातीकडे पाहावे लागते, आणि चौदा रुग्ण असलेल्या सिस्टरकडे ती चौदा मिनिटे नसतात. मी मोजले तर सव्वीस भरले. पाचव्या दिवशी दुपारी हे मी सांगितल्यावर तिथल्या सिस्टरने वाद घातला नाही, स्वतः पुन्हा मोजले, सव्वीस लिहिले आणि डॉक्टरांना फोन लावला. छातीत संसर्गाची सुरुवात होती आणि दादाच्या डोक्यातल्या गोंधळाचेही ते एक कारण निघाले. तो 'वीस' लिहिणारी कोणीही खोटारडी नव्हती. पहिल्यांदा तो आकडा न मोजता लिहिताना तिचा हात नक्की अडखळला असणार. पाचव्या-सहाव्या वेळी तो अडखळत नाही, आणि माझ्या मते या सेवेचा खरा दोष तिथे आहे.

त्याच रात्री, पहाटे साडेचारच्या सुमारास, मी तासभर पाठ टेकायला नातेवाइकांच्या खोलीत गेले होते. परत आले तेव्हा दादाचे दोन्ही हात मनगटापाशी पलंगाच्या कठड्याला गॉजच्या पट्टीने बांधलेले होते. चष्मा उशीखालीच होता. तो ओरडत नव्हता; हात ओढून पाहत होता आणि थांबत होता, पुन्हा ओढत होता. मी पट्ट्या सोडल्या तेव्हा दोन्ही मनगटांवर पट्टीच्या आत मऊ रुमाल दुमडून घातलेला सापडला. काच बसू नये म्हणून.

त्या रुमालाचा विचार मी अजून करते. कातडीला इजा होऊ नये ही काळजी त्या पहाटेलाही तिच्या बोटांत शिल्लक होती, पण या माणसाला बांधावे का, हा प्रश्न तिच्यापुढे उभाच राहिला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना येणारा भ्रम, ज्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, तो बांधल्याने शमत नाही, बहुधा वाढतो. चष्मा लावून देणे, ऐकू येणाऱ्या कानाशी बोलणे, मंद दिवा ठेवणे, सुईवर पट्टी गुंडाळून ती नजरेआड करणे आणि ओळखीचे माणूस शेजारी बसवणे, हे उपाय आधी करायचे असतात. बांधायचेच झाले तर डॉक्टरांचा लेखी आदेश, नातेवाइकांना कल्पना, ठरावीक वेळ आणि मधूनमधून बोटांचा रंग पाहणे, एवढे सगळे लागते. हे तिला माहीत नव्हते असे नाही. पहिल्या रात्री हीच मुलगी दादाला कूस वळवण्याआधी "आजोबा, वळवू का?" असे विचारून त्याच्या होकारासाठी थांबली होती.

सकाळी मी तिला विचारले. ती डबल करणारी नव्हती, पाचव्या नाइटवालीच होती. दादाने एकदा सुई उपसली होती, रक्त चादरीवर आले होते, त्याच वेळी तेरा नंबरला उलटी होत होती आणि दुसरी सिस्टर टोकाच्या खोलीत अडकली होती. "काकू, हात बांधताना रुमाल घालावा हे सुचलं," ती म्हणाली, "पण तुम्हाला हाक मारावी हे नाही सुचलं. तुम्ही तर पलीकडच्याच खोलीत होता." मग तिने केसपेपर मागवला आणि साडेचारला हात बांधल्याची, आदेश न घेतल्याची आणि नातेवाइकांना न कळवल्याची नोंद, लिहितानाच्या वेळेसकट, स्वतःच्या सहीने केली. मी तिला ते करायला सांगितले नव्हते. नोंद नसती तर माझ्या शब्दाखेरीज कसलाच पुरावा नव्हता, हे तिलाही कळत होते.

मला राग आला होता, हे लपवत नाही. पण मीही माझ्या काळात म्हाताऱ्या माणसांचे हात बांधले आहेत, आणि त्यांतल्या किती जणांच्या बाबतीत मला 'सुचले नाही' आणि कितींच्या बाबतीत मी जाणूनबुजून सोपे ते केले, हे आता मला सांगता येत नाही. नीतीचे वर्तन चार भागांचे असते, अशी जेम्स रेस्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची मांडणी आहे: समोर नैतिक प्रश्न आहे हे जाणवणे, काय योग्य ते ठरवणे, ते करावेसे वाटणे आणि अडचणी असूनही ते तडीस नेणे. नोंद लिहिणाऱ्या त्या मुलीचा चौथा भाग माझ्यापेक्षाही धड होता. थकव्याने खाल्ला होता तो पहिला भाग, आणि तो गेला की उरलेले तीन शाबूत असूनही त्यांना काम मिळत नाही.

याची दुसरी बाजूही त्याच वॉर्डात पाहिली. एक तरुण सिस्टर, नाइटच्या पाळीत नवीनच, हिशेब करून मला दाखवत होती. स्वतःहून कूस न बदलू शकणारे आठ रुग्ण. प्रत्येकाला वळवायला दोघीजणी आणि पाच मिनिटे. म्हणजे दर दोन तासांतली चाळीस मिनिटे दोघीही त्यातच गुंतलेल्या आणि त्या वेळात बेल वाजली तर ऐकायला कोणी नाही. "मग मी ठरवते की कोणाची पाठ आज थांबू शकते," ती म्हणाली, "आणि घरी गेल्यावर तीच पाठ दिसते." योग्य काय ते कळते पण व्यवस्था करू देत नाही, या दुखण्याला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली नैतिक क्लेश असे नाव दिले. या मुलीला अजून बोचत होते. जिला बोचते ती बोलते, लेखी तक्रार देते, रात्री फोन करून जादा माणूस मागते आणि व्यवस्थापनाला नकोशी होते. जिचे बोचणे थांबले ती शांत असते, रकाने भरलेले ठेवते आणि अभिप्रायाच्या कागदावर तिला 'उत्तम' मिळते. मीही दिलेच की.

व्यवस्थापनाविषयी माझे मत कडक आहे. स्टेशनच्या शेजारी 'विश्रांती कक्ष' अशी पाटी असलेली खोली होती आणि आत ऑक्सिजनची रिकामी सिलिंडरे आणि मोडक्या चाकाच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. रात्रीच्या पाळीत वीस मिनिटांची आळीपाळीने घेतलेली डुलकी पहाटेच्या चुका आवरायला उपयोगी पडते. फार लांबली तर जाग आल्यावर डोके जड राहते, म्हणून वीसच मिनिटे. त्याला खर्च एका कॉटचा आणि एका घड्याळाचा. पण खुर्चीत डोळे मिटलेली सिस्टर दिसली की तिला मेमो मिळतो, हे तिथल्या आयाने मला कुजबुजत सांगितले. सूचना फलकावर आणखी एक कागद होता: 'परिचर्येतील नीतिमूल्ये' या विषयावर व्याख्यान, सकाळी साडेनऊ वाजता, रात्रपाळीच्या सर्व परिचारिकांना उपस्थिती अनिवार्य. हा कागद ज्याने टंकला, त्याच्या मनात विनोद नव्हता. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने नीतिसंहिता पहिल्यांदा स्वीकारली १९५३ साली, आणि २०२१ च्या सुधारित आवृत्तीत परिचारिकेने स्वतःची प्रतिष्ठा आणि आरोग्य जपण्याचा, आणि त्यासाठी पुरेशी संसाधने नि चांगले व्यवस्थापन लागते याचाही उल्लेख आहे. व्याख्यानात तेवढे पान वाचून दाखवले असते तरी सभागृह बहुधा जागे झाले असते.

संख्येचा मुद्दा तर निर्विवाद आहे. पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांवरच्या २००२ च्या अभ्यासात एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांतला मृत्यूचा संभव ७ टक्क्यांनी आणि परिचारिका पार थकून जाण्याचा संभव २३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. कॅलिफोर्नियात कायद्याने सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेमागे पाचच रुग्ण ठेवता येतात. इथे चौदा होते.

नातेवाईक म्हणून आपलाही वाटा आहे, आणि त्यात मी आले. सहाव्या रात्री औषधांची फेरी चालू असताना सिस्टरला किती वेळा अडवले जाते ते मी मोजले. चाळीस मिनिटांत नऊ वेळा: दोनदा फोन, एकदा वॉर्डबॉय, एकदा डॉक्टर, पाचदा नातेवाईक, आणि त्या पाचांत दोनदा मीच, एकदा तर पंख्याचा वेग कमी करायला. ऑस्ट्रेलियातल्या २०१० च्या अभ्यासात औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुका सुमारे बारा टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या होत्या. नंतर मी ट्रॉली बाहेर निघाली की दारापाशी स्टूल टाकून बसू लागले आणि बाकीच्यांना "फेरी होऊ द्या" म्हणू लागले. दोघा-तिघांना ते आवडले नाही.

सातव्या रात्री पाच नाइटवालीला सुट्टी मिळाली. नवव्या दिवशी सकाळी तीच ड्यूटीवर होती, दोन रात्री झोपून आलेली. दादाचा संसर्ग उतरला होता, डोके ताळ्यावर आले होते आणि बांधल्याचे त्याला काही आठवत नव्हते. तिला आठवत होते. सुई काढायला आली तेव्हा ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, चष्मा त्याच्या हातात दिला, तो लावून होईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "आजोबा, आता सुई काढते, चालेल ना?" त्याने हात पुढे केला.

कौशल्य आणि माणुसकी यांबाबत या सेवेला मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण त्या श्वासाच्या रकान्याचा. मनुष्यबळ आणि ड्यूटीची आखणी यांना एक, तोही केवळ चार्ट भिंतीवर उघडा लावतात म्हणून. घरातल्या कोणाला पुन्हा दाखल करायची वेळ आली तर याच वॉर्डात करीन, मात्र खाट ठरवण्याआधी तो चार्ट वाचीन, आणि रात्रीच्या रकान्यात दोनच नावे दिसली, त्यातही एकीपुढे पाचवी नाइट असली, तर चष्मा उशीखाली न ठेवता दादाच्या डोळ्यांवरच ठेवून मी रात्रभर त्याच्या उजव्या कानाशी बसेन.